हिंसेचा परीघ आणि समीक्षकाची स्वस्थता

१

शब्दाला स्थिर अर्थ नसतो, अर्थ सतत पुढे ढकलला जातो, म्हणून कोणत्याही संहितेचा अंतिम अर्थनिर्णय शक्य नाही, हे विधान आपल्या मराठी विभागांमधून आता इतके सरावाचे झाले आहे की ते सिद्ध करण्याची गरज कोणालाच वाटत नाही. एम. ए.चा विद्यार्थी परीक्षेत ते लिहितो आणि गुण मिळवतो. या विधानाच्या सत्यासत्यतेविषयी माझे फारसे भांडण नाही. माझे भांडण आहे ते या विधानानंतर समीक्षक जी स्वस्थता पत्करतो तिच्याशी. अर्थ अस्थिर आहे एवढे दाखवले की आपले काम संपले. तो अर्थ कोण हलवतो, कोणत्या दिशेने हलवतो आणि त्या हलवण्याने कोणाच्या बरगड्या मोडतात, हे प्रश्न ‘साहित्यबाह्य’ ठरवून समाजशास्त्राच्या दारात नेऊन ठेवायचे, अशी ही श्रमविभागणी आहे. ती मला अमान्य आहे.

‘बरगड्या’ हा शब्द येथे अलंकार म्हणून आलेला नाही. ९ नोव्हेंबर २०११ रोजी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील आवारात शुल्कवाढीच्या विरोधात आणि ‘ऑक्युपाय’ चळवळीच्या समर्थनार्थ जमलेल्या विद्यार्थ्यांवर विद्यापीठाच्या स्वतःच्या पोलिसांनी आणि त्यांच्या मदतीला आलेल्या शेरीफच्या शिपायांनी दंडुके चालवले. मार खाणाऱ्यांत रॉबर्ट हास होते. १९९५ ते १९९७ या काळात अमेरिकेचे राष्ट्रकवी राहिलेले, त्याच विद्यापीठात कविता शिकवणारे, सत्तरी गाठलेले हास. त्यांच्या पत्नी, कवयित्री ब्रेंडा हिलमन यांना ढकलून खाली पाडण्यात आले. इंग्रजी विभागातील आणखी एका कवीची बरगडी मोडली. एका प्राध्यापिकेने अटकेसाठी आपण होऊन हात पुढे केला असता तिला केस धरून ओढण्यात आले. साहित्य शिकवणाऱ्या माणसांनीच हा मार खाल्ला, तेव्हा या प्रसंगाला साहित्यबाह्य म्हणणे निदान त्यांच्या बाबतीत तरी अवघड जावे.

परंतु प्रस्तुत लेखाचा विषय तो मार नाही. त्या मारानंतर उच्चारले गेलेले एक वाक्य, आणि त्याच वर्षी जून महिन्यात वॉशिंग्टनमध्ये उच्चारले गेलेले दुसरे एक वाक्य, ही दोन वाक्ये शेजारी ठेवून वाचावीत एवढाच येथे प्रयत्न आहे.

२

पहिले वाक्य असे. निदर्शकांनी एकमेकांच्या हातांत हात गुंफून मानवी साखळी केली होती आणि बाजूला होण्याचा आदेश मिळूनही ती सोडली नव्हती. विद्यापीठ पोलिसांच्या एका अधिकाऱ्याने हे कृत्यच मुळात हिंसेचे आहे, असे वृत्तपत्राला सांगितले. बर्कलीचे चॅन्सेलर (हे पद आपल्याकडच्या कुलगुरूंच्या तोडीचे) रॉबर्ट बर्जनो यांनी विद्यापीठ-परिवाराला पाठवलेल्या पत्रात हाच मुद्दा सौम्य भाषेत मांडला: हात गुंफून साखळी करणे ही अहिंसक सविनय अवज्ञा नव्हे. पुढे काही दिवसांनी त्यांनी माफी मागितली, हेही नोंदवले पाहिजे. पण माफी घटनेबद्दल होती. व्याख्या जेथे होती तेथेच राहिली.

हे वाक्य नीट वाचण्यासारखे आहे. अवज्ञा, अडथळा, प्रतिकार आणि हिंसा हे चार वेगळे शब्द आहेत. त्यांच्यामध्ये अंतरे आहेत, आणि ती अंतरे लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरून, भांडून, किंमत मोजून निर्माण केलेली आहेत. रस्ता अडवणारा अडथळा करतो. तो कायदा मोडत असेल, त्यासाठी त्याला अटकही होईल. सविनय कायदेभंग हा कायदेभंगच असतो, हे करणाऱ्यालाही ठाऊक असते. परंतु अडथळा म्हणजे हिंसा, असे म्हणताक्षणी मधली दोन पायऱ्यांची उतरंड नाहीशी होते आणि दंडुका हा प्रतिहिंसेचा, म्हणजे जवळजवळ स्वसंरक्षणाचा, प्रकार ठरतो. त्यासाठी शब्दाचा अर्थ अनिश्चित ठेवावा लागत नाही. उलट तो अत्यंत निश्चितपणे, एका बाजूला, ठरावीक अंतरापर्यंत सरकवावा लागतो.

नऊ दिवसांनी, १८ नोव्हेंबरला, त्याच विद्यापीठाच्या डेव्हिस येथील आवारात पायवाटेवर हात गुंफून बसलेल्या विद्यार्थ्यांच्या रांगेवर विद्यापीठ पोलिसांतील एका लेफ्टनंटने मिरचीच्या अर्काचा फवारा मारला. झाडांवर औषध फवारावे तसा, चालत चालत, तोंडावर. पोलीस जमावाने वेढले गेले होते आणि त्यांना बाहेर पडण्यास वाट नव्हती, असे समर्थन लगेच पुढे आले. क्रूझ रेनोसो या कॅलिफोर्निया सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २०१२ मध्ये अहवाल दिला. ही घटना टाळता येण्याजोगी होती आणि टाळायलाच हवी होती, असा तिचा निष्कर्ष होता. वापरलेले उपकरण त्या पोलीसदलाच्या मान्यताप्राप्त साधनांत नव्हते. आणि चित्रफितीत तर दिसतेच की फवारा मारणारा अधिकारी बसलेल्या विद्यार्थ्यांची रांग ओलांडून सहज पलीकडे गेला होता. ज्या वेढ्यातून माणूस पाय उचलून बाहेर पडू शकतो, तो वेढा संहितेतच होता, पायवाटेवर नव्हता.

डेव्हिसच्या तेव्हाच्या चॅन्सेलर लिंडा कटेही या मूळच्या ग्रीसच्या, अथेन्सच्या पॉलिटेक्निकच्या विद्यार्थिनी. १७ नोव्हेंबर १९७३ रोजी लष्करी राजवटीच्या रणगाड्याने त्या संस्थेचे दार चिरडले, तेव्हा आपण तेथे होतो याची आठवण त्यांनी स्वतःच २०११ च्या त्या निषेधसभेत विद्यार्थ्यांना करून दिली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ ग्रीसने पुढे १९८२ साली विद्यापीठाच्या आवारात पोलिसांना मुक्त प्रवेश नाकारणारा कायदा केला होता. तो ऑगस्ट २०११ मध्ये रद्द झाला. मी येथे त्यांच्यावर ढोंगाचा आरोप करत नाही. मला त्या आठवणीत अधिक गंभीर गोष्ट दिसते. रणगाडा पाहिलेल्या व्यक्तीलाही फवारा हिंसा वाटला नाही, कारण दरम्यान शब्दाचा परीघ हलला होता आणि ती व्यक्ती त्याच्या दुसऱ्या बाजूस उभी होती.

३

आता दुसरे वाक्य. १७ मार्च २०११ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने लिबियातील नागरिकांच्या रक्षणासाठी ‘सर्व आवश्यक उपाय’ योजण्याची मुभा देणारा ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. भारतासह पाच देश तटस्थ राहिले. दोन दिवसांत बाँबफेक सुरू झाली. अमेरिकेच्या १९७३ च्या युद्धाधिकार कायद्यानुसार, सैन्य लढाईत गुंतले असेल आणि संसदेने संमती दिली नसेल, तर साठ दिवसांनंतर ती मोहीम थांबवावी लागते. साठ दिवस उलटले. संमती नव्हती. मोहीम थांबली नाही.

मग जूनमध्ये शासनाच्या वतीने सांगण्यात आले की लिबियात अमेरिका जे करीत आहे ते त्या कायद्याच्या अर्थाने ‘हॉस्टिलिटीज’, म्हणजे प्रत्यक्ष लढाई, नव्हेच. सिनेटच्या समितीपुढे हे प्रतिपादन करणारे हॅरॉल्ड को हे परराष्ट्र खात्याचे विधी सल्लागार येल विधी महाविद्यालयाचे माजी अधिष्ठाता होते. राष्ट्राध्यक्षाच्या अनिर्बंध युद्धाधिकारावर टीका करणारे विद्वान म्हणूनच त्यांची ख्याती होती. त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा: मोहिमेचे उद्दिष्ट मर्यादित आहे, साधने मर्यादित आहेत, संघर्ष चिघळण्याची शक्यता मर्यादित आहे, आणि अमेरिकन सैनिकांना असलेला धोकाही मर्यादित आहे. म्हणून ही लढाई नाही.

बर्कलीचे वाक्य आणि हे वाक्य परस्परविरुद्ध दिशांनी जाताना दिसतात. एकात हात गुंफणे हिंसा होते. दुसऱ्यात आकाशातून बाँब टाकणे लढाईसुद्धा होत नाही. आपला विरचनावादी मित्र येथे समाधानाने म्हणेल की पाहा, चिन्हक कसा मोकळा सुटला आहे. मला वाटते हे अत्यंत ढिले वाचन आहे. दोन्ही वाक्यांत चिन्हक मुळीच मोकळा नाही; त्याला एकाच खुंटीला बांधलेले आहे. ती खुंटी म्हणजे सशस्त्र माणसाचे शरीर. ज्या कृतीमुळे सशस्त्र माणसाला धोका किंवा निदान अडचण होते, ती हिंसा. ज्या कृतीत सशस्त्र माणसाला धोका नाही, ती कितीही संहारक असली तरी हिंसा नव्हे. हे सूत्र एकदा लक्षात आले की दोन्ही वाक्ये एकाच व्याकरणाची रूपे आहेत हे स्पष्ट होते. मार खाणाऱ्याचे शरीर या व्याकरणात ना कर्ता आहे ना कर्म. ते वाक्यातच येत नाही.

हे केवळ २०११ चे वैशिष्ट्य नाही. ३० एप्रिल १९७० रोजी कंबोडियात सैन्य घुसवल्याची घोषणा करताना राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी हे आक्रमण नाही असे बजावून सांगितले. चार दिवसांनी त्या घुसखोरीच्या निषेधार्थ निदर्शने सुरू असलेल्या केंट स्टेट विद्यापीठात नॅशनल गार्डच्या सैनिकांनी तेरा सेकंदांत ६७ गोळ्या झाडल्या. चार विद्यार्थी ठार आणि नऊ जखमी झाले. बाहेर युद्धाचा शब्द पातळ केला जातो त्याच दिवसांत घरात असहमतीचा शब्द घट्ट केला जातो. ही दोन कामे एकच कारखाना करतो.

आपल्या वृत्तपत्री मराठीत ‘पोलिसांनी सौम्य लाठीमार केला’ हे वाक्य आपण लहानपणापासून वाचत आलो आहोत. तेथेही ‘सौम्य’ हे विशेषण लाठी मारणाऱ्याच्या बाजूने मोजलेले असते. पाठीला विचारून ते कोणी लावत नाही.

४

येथपर्यंत वाचून कोणी असे समजेल की लष्करी हस्तक्षेपाला सरसकट विरोध करणे हे माझे प्रतिपादन आहे. तसे नाही. किंबहुना या प्रश्नावर सिद्धान्तकारांमध्येच जो तीव्र मतभेद झाला, त्याकडे मराठी समीक्षेने ढुंकूनही पाहिले नाही याचे मला वैषम्य वाटते. ज्यां-ल्यूक नान्सी, ज्यांचे नाव आपण देरिदांच्या परंपरेतील विचारवंत म्हणून घेतो, त्यांनी मार्च २०११ च्या अखेरीस ‘लिबेरासिओं’ या दैनिकात लेख लिहून हस्तक्षेपाची बाजू घेतली. आलाँ बादियू यांनी लगोलग खुले पत्र लिहून त्यांना जाब विचारला: ट्युनिशिया आणि इजिप्तमध्ये लोकांनी स्वबळावर जे घडवले त्यात पाश्चात्त्य सत्तांनी आपला हात घुसवण्याची ही संधी साधली आहे, हे तुम्हाला कसे दिसत नाही? अमेरिकेत मध्यपूर्वेचे इतिहासकार हुआन कोल यांनी डाव्यांना उद्देशून खुले पत्र लिहून हस्तक्षेपाचे समर्थन केले. दोन्ही बाजूंना विद्वान होते, दोन्ही बाजूंना सद्भाव होता. बेनगाझीच्या वेशीवर गद्दाफीचे सैन्य आले होते ही वस्तुस्थिती होती. ज्यांनी हस्तक्षेप मागितला त्यांना मूर्ख ठरवण्याचा अधिकार दूर बसलेल्या आपल्याला नाही. पाच वर्षांनी ब्रिटिश संसदेच्या परराष्ट्र व्यवहार समितीने असा निष्कर्ष काढला की नागरिकांवरील धोक्याचे चित्र अतिरंजित होते आणि रक्षणाची मोहीम सत्तांतराच्या मोहिमेत घसरत गेली. पण हे नंतरचे शहाणपण झाले.

मराठवाड्याच्या माणसाला हा मतभेद परका वाटू नये. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरले आणि पाच दिवसांत निजामाची सत्ता संपली. सेनापती, रणगाडे, विमाने असलेल्या या मोहिमेला आमच्याकडची म्हातारी माणसे ‘पोलीस ॲक्शन’ म्हणत, आणि तोच शब्द पुढच्यांच्या तोंडी बसला. ती मुक्ती होती. रझाकारांचा जाच सोसलेल्या गावांना तिची नितांत गरज होती. हे मी निःसंदिग्धपणे मानतो. परंतु त्याच मोहिमेच्या काळात आणि नंतर संस्थानातील मुसलमानांची जी कत्तल झाली तिची चौकशी शासनानेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने केली, मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला, आणि तो अहवाल कित्येक दशके प्रकाशात आला नाही. ‘पोलीस ॲक्शन’ या शब्दात ती माणसे मावत नव्हती. कृती न्याय्य असूनही तिचे नाव असत्य असू शकते, आणि ते असत्य कोणाच्या तरी मरणावर पांघरूण घालते. हस्तक्षेप योग्य होता की अयोग्य, यावर वाद घालायला माझी तयारी आहे. मात्र त्या वादाच्या आधी त्याला त्याच्या नावाने हाक मारली पाहिजे, एवढी माझी अट आहे.

५

माझ्या प्रतिपादनावर एक आक्षेप संभवतो आणि तो वजनदार आहे. हिंसेची व्याख्या विस्तारण्याचे काम केवळ सत्तेनेच केलेले नाही. ‘अहिंसा’ या शब्दाला सर्वांत कठोर अर्थ देणारे गांधीच होते; इंग्रजीत ‘नॉनव्हायोलन्स’ हा शब्द सार्वजनिक जीवनात रुळला तोही प्रामुख्याने त्यांच्यामुळे. १९२१ साली कलकत्त्यात काही विद्यार्थ्यांनी परीक्षेला जाणाऱ्यांच्या वाटेत धरणे धरले, तेव्हा ‘यंग इंडिया’त गांधींनी त्या प्रकाराला रानटी आणि भ्याड ठरवले होते, बसणाऱ्याला आपल्याला कोणी तुडवणार नाही याची खात्री असते, असे त्यांचे म्हणणे होते. मग बर्कलीच्या चॅन्सेलरांनी याहून वेगळे काय म्हटले?

उत्तर दोन भागांत आहे. गांधींनी त्या धरण्याला नावे ठेवली, पण ‘हिंसा’ हा शब्द त्याला लावणे कठीण आहे, हेही त्याच लेखात मान्य केले. ते हिंसेपेक्षाही वाईट आहे असे त्यांचे मत होते, तरी शब्दाची सीमा त्यांनी सोयीसाठी ओलांडली नाही. निंदा करावी, पण चुकीच्या शब्दाने करू नये, हा तो विवेक आहे. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. गांधी ही कठोर व्याख्या स्वतःच्या अनुयायांवर आवळत होते, ज्यांच्या हाती लाठी होती त्यांच्या सोयीसाठी नव्हे. १९३० मध्ये धारासणा येथे लाठ्या झेलत पुढे जाणाऱ्यांनी ती व्याख्या आपल्या डोक्यावर आणि खांद्यांवर पेलली. जो स्वतःवर व्याख्या आवळतो तो नीती निर्माण करतो. जो तीच व्याख्या निःशस्त्र समोरच्यावर आवळतो आणि स्वतःपुरती सैल करतो, तो केवळ आदेश काढतो. एकाच शब्दाच्या या दोन वापरांतला फरक ओळखता येणे याला मी समीक्षा म्हणतो. शब्दाच्या दोन्ही वापरांना ‘अर्थाचा खेळ’ म्हणणे ही समीक्षेची रजा आहे.

६

अर्थ सरकवून भागले नाही तर सत्ता संहिताच पुसू पाहते. २०१६ साली उघड झाले की डेव्हिसच्या प्रशासनाने आंतरजालावरच्या शोधात त्या फवाऱ्याचे उल्लेख खाली ढकलले जावेत यासाठी सल्लागार कंपन्यांवर किमान १,७५,००० डॉलर खर्च केले होते. त्याच वर्षी, अन्य बाबींचीही चौकशी झाल्यानंतर, कटेही पदावरून गेल्या. याआधी, २०१२ मध्ये, तडजोडीनुसार फवारा सोसलेल्या २१ जणांना प्रत्येकी ३०,००० डॉलर मिळाले होते. फवारा मारणाऱ्या अधिकाऱ्याला पुढच्या वर्षी मानसिक इजेच्या दाव्यापोटी मिळालेली भरपाई होती ३८,०५५ डॉलर. आकडेही संहिताच असतात. कोणाचे शरीर मोजले जाते हा मघाचा प्रश्न येथे रुपया-पैशांत उत्तरलेला आहे.

आणि २०२४. गाझातील युद्धाच्या विरोधात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थ्यांनी तंबू ठोकले. १८ एप्रिलला अध्यक्षा मिनूश शफीक यांनी पोलिसांना पाचारण करणाऱ्या पत्रात त्या तंबूंमुळे विद्यापीठाच्या कामकाजाला ‘स्पष्ट आणि तत्काळ धोका’ असल्याचे लिहिले. शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना अटक झाली. हा शब्दप्रयोग कोठून आला? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९१९ च्या शेंक खटल्यातून. पहिल्या महायुद्धातील सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध पत्रके वाटणाऱ्या समाजवाद्याची शिक्षा कायम करताना न्यायमूर्ती होम्स यांनी तो घडवला होता. म्हणजे युद्धाला शब्दांनी विरोध करणाऱ्याला तुरुंगात ठेवण्यासाठी घडवलेला वाक्प्रचार शंभर वर्षांनी युद्धाला तंबूंनी विरोध करणाऱ्यांसाठी विद्यापीठाच्या लेखणीतून उतरला. आणि अटक करणाऱ्या पोलीसदलाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राला सांगितले की अटक झालेले विद्यार्थी शांत होते, त्यांनी काहीही प्रतिकार केला नाही. त्या दिवशी विद्यापीठापेक्षा पोलिसाचे वाचन अधिक अचूक होते. ज्ञानसंस्थेला याहून मोठी नामुष्की मला सुचत नाही.

७

म्हणून प्रश्न पुन्हा आपल्याकडे येतो. विरचनेचे तंत्र आपण कशासाठी शिकलो? सर्व अर्थ सारखेच डळमळीत आहेत हे दाखवण्यासाठी शिकलो असू, तर ते तंत्र दंडुकेवाल्याला आपल्याआधी अवगत आहे, आणि आपल्यापेक्षा चांगले. ‘पाश्चात्त्य सिद्धान्त फेकून द्या, आपल्या मातीतले बोला’ असे म्हणणाऱ्यांकडेही मला जाता येत नाही. बर्कलीचे वाक्य फोडण्यासाठी शब्दांमधली अंतरे मोजणारी नजर लागते, ती या सिद्धान्तांनीच आपल्याला काही अंशी दिली. आणि ‘पोलीस ॲक्शन’ हा शब्द आपल्याच मातीतला आहे.

डेव्हिसच्या घटनेच्या दिवशीच कुलगुरूंचा राजीनामा मागणारे खुले पत्र लिहिणारे नेथन ब्राऊन हे त्याच विद्यापीठात इंग्रजीचे सहायक प्राध्यापक होते. काव्यशास्त्र आणि सिद्धान्त हे त्यांचे क्षेत्र. नोकरी अद्याप कायम झालेली नव्हती, आणि पत्राच्या प्रारंभीच त्यांनी ते नमूद केले होते. कोणी कोणास काय केले, हे त्या पत्रात कर्तरी प्रयोगात लिहिलेले होते. प्रशासनाच्या निवेदनांत सारे काही कर्मणीत घडत होते: फवारा ‘वापरला गेला’, तंबू ‘हटवले गेले’. व्याकरणाचा तास घेणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाला हा फरक शिकवता येतो. तो आपण वर्गात शिकवतो, आणि परिपत्रक आले की विसरतो.

अर्थ निश्चित नसतो हे खरे. पण पायवाटेवर बसलेल्याच्या डोळ्यांतली आग निश्चित असते. त्या आगीला काय म्हणायचे हे ठरवण्याचे काम आपण सोडून दिले, तर ते बेवारस पडून राहत नाही. ते करणारे कार्यालय विद्यापीठातच असते, आणि बहुधा आपल्या विभागाच्या समोरच्या इमारतीत.